शालनआत्या आणि मापांचं ॲप

दुपारचं जेवण झालं की मी मोबाइल हातात धरूनच आडवा होतो. डोळे मिटायच्या आधी रोजचा एक खेळ असतो. खालच्या मजल्यावरच्या उंडाळे मास्तरांचा नंबर उघडायचा, बघत राहायचं, काही लिहायचं नाही. मास्तर शिंपी आहेत. मी शिंप्यांसाठी ॲप बनवलंय, गिऱ्हाइकांची मापं जपून ठेवणारं. नोकरी सोडून, एकट्यानं, सात महिने खपून. अजून एकाही शिंप्याला ते दाखवलेलं नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो आणि पलंगाच्या कडेला कुणीतरी बसतं. शालनआत्या. तिला जाऊन चार वर्षं झाली. विट्याजवळच्या खेड्यांतून बांगड्या भरत फिरायची.

"झालं का रं तुझं?"

"थोडं राहिलंय."

"दिवाळीत बी थोडंच राहिलं हुतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"मला काय, आता रिकामाच वेळ हाय."

मला हसू येतं. सात महिन्यांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

ती माझा हात ओढून घेते, बोटं दाबून एकत्र करते आणि बांगडी चढवू लागते. आता आम्ही कुणाच्या तरी ओसरीवर आहोत. समोर बायकांची रांग, एकही चेहरा ओळखीचा नाही, आणि सगळ्यांच्या गळ्यात शिंप्याची टेप.

"दाखव की ह्यांना," आत्या म्हणते.

"उद्या दाखवतो. बटणाचा रंग अजून..."

टचकन आवाज होतो. मी दचकतो.

"वाढली," ती शांतपणे म्हणते. फुटली असं ती कधीच म्हणायची नाही. "भरताना वाढली तर ती कासाराची. गिऱ्हाइकाकडनं तिचं काय घ्यायचं न्हाई. ठाऊक हाय न्हवं?"

"आहे."

"रोज दोन-चार वाढायच्याच माझ्या. म्हणून मी टोपली घेऊन घरात बसले व्हय?"

"त्यांना नाही आवडलं तर?"

"तर दुसरी घालायची."

"माझ्याकडे दुसरं काही नाही गं, आत्या."

हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोललेलो नाही. ती माझा हात धरून ठेवते. मग म्हणते, "तुला करायला येतंय, मुकुंदा. पुढ्यात ठेवायला येत न्हाई. एकटा बसून बसून माणसांना भ्यायला लागलास. आण तो मोबाइल. मी सांगते तसं लिव्ह."

ओसरी नाही, बायका नाहीत. माझ्या अंगठ्यावर फक्त तिचा खरखरीत अंगठा आहे.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. मास्तरांच्या नंबरावर पंधरा मिनिटांपूर्वी एक मेसेज गेलाय. 'मास्तर, या की वर. कायतर केलंय, बघून शिव्या घाला.' मी असं कधी लिहीत नाही. शेजारच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्यात.

पुसून टाकावा असं मनात येतंय तोच जिन्यात चपला वाजतात. बेल होते. या खोलीत सात महिन्यांत कुणी आलेलं नाही, आणि एकुलत्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग आहे. तो उचलून मी पलंगावर टाकतो आणि दार उघडायला जातो.