पोट्ट्याले पाह्याले आलेले पाव्हणे

"पाव्हणे आले होऽऽ! पोट्ट्याले पाह्याले पाव्हणे आले! अवो बाई, उठा ना, चूल पेटवा!"

समोरच्या घरची मावशी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की बालाघाट स्टेशनात एखाद्या इंजिनाची शिट्टी बिघडली तर रेल्वेवाल्यांनी तिलाच नेऊन पुढे बसवावं. ती माझी सख्खी मावशी नव्हे. गल्लीतल्या प्रत्येकाचीच ती मावशी होती आणि प्रत्येकाच्या लग्नाची काळजी तिला त्याच्या आईपेक्षा जास्त होती.

मी ओसरीत बाजेवर पडून छपराच्या कवेलूंकडे बघत होतो. 'पाव्हणे' हा शब्द कानावर पडला आणि मी पायात चप्पल सरकवून मागच्या कुंपणावरून उडी मारली, ती सरळ वैनगंगेच्या काठावर. मधलं अर्धं गाव मी हवेतूनच पार केलं असं लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून लिहीत नाही.

मला लग्न नको होतं. मला नोकरी हवी होती, आणि तीसुद्धा एकच.

गोष्ट सत्तरच्या पुढची. गणित घेऊन मी बी.एस्सी. झालो होतो. एका मोठ्या सरकारी कारखान्याने कम्प्युटर बसवला होता आणि तो चालवायला शिकाऊ म्हणून पदवीधर पोरं घेणार होते. आमच्या गल्लीत हे समजावून सांगणं म्हणजे म्हशीला पोहणं शिकवणं नव्हे, म्हशीकडून झाडावर चढणं शिकणं. मावशीने विचारलं, "ते यंत्र का दळते?"

"हिशोब."

"हिशोब दळाले गिरणी काहून लागते बाप्पा? तो तर वाण्याचा पोट्टा बोटावर करते."

लेखी परीक्षा नागपुरात झाली. त्यात एक प्रश्न होता : चहा करण्याच्या पायऱ्या चौकटी आणि बाण काढून दाखवा. मी पहिली चौकट काढली, दूध आहे का? नसेल तर बाण मावशीच्या घरी. मावशीकडे दूध आहे का? नाही, कारण ती स्वतःच भांडं घेऊन आमच्याकडे यायला निघाली आहे. बाण परत आमच्या घरी. दूध आहे का? त्या कागदावर तो चहा अजून व्हायचाच आहे.

तरी मला मुलाखतीला बोलावलं, खुद्द कारखान्यात. टेबलामागे तीन साहेब. मधल्या साहेबाच्या हातात माझा कागद होता. म्हणाला, "ये चाय कब बनेगी?"

"साहब, हमारी गली में ऐसे ही बनती है।"

बाकीचे दोघे हसले. मधला हसला नाही. "घर से दूर रह लोगे?" त्याने विचारलं.

"घर तो मैं सिर्फ खाना खाने जाता हूँ, साहब," मी छाती फुगवून सांगितलं.

मग आम्हाला ते यंत्र दाखवायला नेलं. काचेच्या भिंतीमागे ओळीने कपाटं उभी होती, लांजीच्या तीन राईस मिल एकात एक घालाव्यात एवढा पसारा. बाहेर मे महिना, कावळा उडता उडता शिजून खाली पडावा असं ऊन. आणि आत, देवाशपथ, माणसं स्वेटर घालून काम करत होती! मी काचेला कपाळ लावलं. काच गार होती. त्या क्षणापासून बालाघाटचं पाणी मला गोड लागेना.

"बता देंगे," साहेब म्हणाले, आणि मी घरी आलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या आईला विचारायला हवं. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठे जावं ते कळायचं नाही. जेवता जेवता ताट घेऊन अंगणात जायचो. पोस्टमन माझ्या भीतीने मागच्या गल्लीने फिरायला लागला. वडील उकव्याच्या खाणीत टाइमकीपर, रविवारच्या बसने यायचे, ते मला बघून एवढंच म्हणायचे, "अजून नाही ना?" आणि सोमवारी निघून जायचे. आई म्हणायची, "पायाले भिंगरी लागली का रे तुह्या? एका जागी बस ना!"

अशात हे पाव्हणे. मी नदीकाठी एका खडकावर बसलो, उठलो, दुसऱ्या खडकावर बसलो. पाण्यात दगड मारले. इतके मारले की पलीकडच्या काठावर जायला पूल तयार झाला असता. ऊन उतरलं तेव्हा पोटात भूक ओरडायला लागली आणि मी घरी आलो.

ओसरीत आई आणि मावशी अशा बसल्या होत्या की जणू वरात आताच निघून गेली आहे. मधे पोह्यांची रिकामी बशी.

"कुठं गेलता रे बह्याडा?" मावशी म्हणाली. "कोटवाला पाव्हणा होता! छत्री, चामड्याची बॅग. तुह्याच नावानं विचारत आला. मी म्हटलं, पहिले माह्या ओट्यावर बसा."

इथे आमच्या गल्लीचा रिवाज सांगायला हवा. कोणाच्या पोराची चौकशी करायला परका माणूस आला की त्याला आधी शेजारी गाठतात. पोराची किंमत वाढवणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य असतं. लांजीकडे आमची दोन एकर धानाची बांधी होती. पहिल्या घरी ती पाच एकर व्हायची, तिसऱ्या घरी वीस, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आमचं धान पार हट्टा गावच्या बावडीचं, तिथल्या जुन्या विहिरीचं, पाणी पीत असायचं. आज मी दुसऱ्याच्या पोरासाठी थापा फेकायच्या, उद्या त्यांनी माझ्यासाठी.

"का विचारलं त्यानं?" मी विचारलं.

"सगळं चांगलंच विचारलं. दारू पेते का? मी म्हटलं, पाणी भी पूछ के पीता है जी. घरची शेती किती? मी म्हटलं, इतनी है के नौकरी की जरूरतच नाही. मायले सोडून राहीन का? मी म्हटलं, राम राम! गोंदियाले गेला तर सांजच्या गाडीनं वापस. माँ का पल्लू छोड के ये लडका कहीं नहीं जाता."

"बरं सांगितलं," आई म्हणाली. तिला ते ऐकून खरंच बरं वाटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आन एक गोष्ट नवीनच विचारली," मावशी म्हणाली. "रातपाळी करीन का म्हणे. मी म्हटलं, अंधार पडल्यावर तो आंगनात पाय नाई टाकत."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मावशी, पोरीचा बाप रातपाळी काहून विचारीन?"

"मले का मालूम? आजकालच्या पोरी शिकलेल्या राह्यतात."

"कुठून आला म्हणाला तो?"

"कारखान्याहून आलो म्हणे. दोन-तीन खेप सांगतलं त्यानं. म्हटलं चांगलंच हाये, पोरीचा बाप कमावता हाये."

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. गल्लीत दिसली ती सायकल उचलली. कोणाची होती ते आजही माहीत नाही. स्टेशनापर्यंतचा रस्ता माझ्याखालून मागे पळत होता, गाई बाजूला होत होत्या, एक हवालदारसुद्धा बाजूला झाला.

गोंदियाची छोटी गाडी उभी होती. ती वेळेवर सुटली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं; पण ती गाडी तसलं काही करणाऱ्यातली नव्हती. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत कोट, छत्री, चामड्याची बॅग.

"साहब! मैं... मैं वही लड़का!"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यापर्यंत नदीचा चिखल, पट्टा तुटलेली रबरी चप्पल.

"ट्रेनिंग पर बहुत पैसा लगता है," तो शांतपणे म्हणाला. "पिछली बार आधे लड़के माँ को याद करके भाग गए। इसलिए अब हम घर देखकर लेते हैं। तुम्हारा घर देख लिया। पूरी गली बोल रही है, लड़का हिलेगा नहीं।"

"वो लोग आपको लड़कीवाला समझे, साहब! तारीफ कर रहे थे!"

"मैंने तो बताया था, कारखाने से हूँ।"

"उसी से तो और पक्का हो गया उनका!"

गार्डने शिट्टी फुंकली. साहेबाने बॅगेवर हात ठेवला, क्षणभर विचार केला.

"सोमवार से क्लास है। अभी चल सकते हो?"

"अभी?"

"यही गाड़ी।"

माझ्याजवळ दुसरा शर्ट नव्हता. आईला सांगितलं नव्हतं. पोटात सकाळच्या भाताशिवाय काही नव्हतं. गाडी हलली. मी सायकल फलाटावरच्या चहावाल्याच्या अंगावर ढकलली, "आमच्या गल्लीत पोचव, घरी सांग मी गेलो!" म्हणालो आणि दांडी पकडून आत चढलो.

"कोणासंग?" चहावाला मागून ओरडला.

"ह्या साहेबांसंग!"

साहेबाने सरकून जागा केली. मी बसलो नाही. दारात उभा राहिलो. पहिल्याच हॉल्टला गाडी थांबली आणि माझा एक पाय आपोआप पायरीवर उतरला. आई आता कंदिलाची काच पुसत असेल, माझं ताट झाकून ठेवलं असेल. उतरावं, पायीच परत जावं, नोकरी गेली तर गेली. वळून पाहिलं तर साहेब एका डोळ्याने झोपला होता आणि दुसऱ्या डोळ्याने माझा पाय पाहत होता. मी पाय वर घेतला. पुढच्या प्रत्येक हॉल्टला तो पाय खाली गेला आणि वर आला. गोंदिया येईपर्यंत मी निम्म्या वाटेची पायपीट जागच्या जागी केली होती.

नोकरी लागली. पोचल्या पोचल्या मी घरी सविस्तर पत्र टाकलं, वडिलांनी ते आईला वाचून दाखवलं. कुठे आहे, काय शिकतो, किती मिळतात, सगळं.

दिवाळीत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मावशी उभीच होती.

"जवाईबापू आले होऽऽ!" तिने आरोळी ठोकली. घराघरातून माणसं बाहेर आली. "कसे हायेत सासरचे? एकटाच आला? पोरगी नाई आणली? चहावाल्यानं तवाच सांगतलं होतं, पाव्हण्यानं तुले हाताले धरून गाडीत बसवलं. घरजवाई गेला त गेला, मायले तरी सांगून जाचं ना रे!"

एकाने तर सासऱ्याच्या जमिनीचा आकडाही सांगितला. मोठा होता.

मी कसाबसा घरात शिरलो. आई चुलीपुढे बसून अनारसे तळत होती. मी विचारलं, "माय, मी नोकरीवर गेलो हे तू यांना सांगितलं काहून नाही?"

तिने अनारसा उलटला.

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "कोनाले पटलं नाई."