खिडकीची झाकणं

अखंड झाकणाचा माझ्या मोठ्या मामाएवढा वैरी साऱ्या तंजावरात दुसरा झाला नसेल. मिठाईचा डबा घरात आला की मैसूरपाक मुलांकडे जाई आणि झाकण मामाकडे. तो त्यात कात्रीने भली मोठी चौकोनी खिडकी कापी, उरलेल्या काठावर अंगठा दाबी आणि पुठ्ठा नेमका कुठे वाकतो ते श्वास रोखून पाही. माझ्या लग्नात दुपारपर्यंत मिठाईच्या सगळ्या डब्यांना खिडक्या झाल्या होत्या. सासूबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "ही तुमच्यातली रीत का?" मामी शांतपणे म्हणाली, "हो."

मामाचं काम वाफेच्या टाक्यांचे आराखडे काढायचं. गोल टाक्या त्याला मिळमिळीत वाटत. "गोलाला वाफ चहूकडून सारखी ढकलते, त्यात कसली गंमत? चौकोनी टाकी बघ! सपाट भिंतीला वाकायला निमित्तच हवं असतं!" हे तो मराठीत सुरू करी, तमिळमध्ये रंगात येई आणि इंग्रजीत धाप लागून थांबे.

निवृत्त झाल्यावर पापनाशमच्या एका लहान दवाखान्याचं काम आलं. शस्त्रक्रियेची अवजारं वाफेने निर्जंतुक करायची चौकोनी टाकी, आणि तिच्या पुढच्या सपाट पत्र्यात जवळजवळ पत्र्याएवढंच दार. टाकी बनवणारा कारखानदार सवयीप्रमाणे दाराच्या भोकाभोवती जाड पट्टी जोडायला निघाला. मामा उसळला.

"अय्यो, लहान भोकाला ठिगळ चालतं! भोक पत्र्याच्या अर्ध्याहून मोठं झालं की पत्रा झाकण राहत नाही, त्याची चौकट होते. चौकटीचं गणित वेगळं."

"मग गोलच करू की, सार. डोक्याला ताप नाही."

"मग अवजारांचे ट्रेही गोल कापून देतोस?"

अखेर मामाच्या आराखड्याप्रमाणे झालं. भोकाचे कोपरे गोलसर, चारही काठांना पोलादी फासळ्या. पण कारखानदाराने बजावलं, "चाचणीत काठ वाकला, तर तुमचा आराखडा पुन्हा या कारखान्यात घेणार नाही, सार." घरी आल्यावर मामाने त्या दिवशी मिठाईला हात लावला नाही. झाकणालाही नाही.

चाचणीला त्याने मलाही ओढत नेलं. "पुस्तक मिटव, चल!" दार घट्ट आवळून टाकीत पाणी भरलं आणि दाब चढवायला घेतला. काटा सरके तसा मामा खुर्चीतून उठे, बसे, कमरेची वेष्टी सावरून पुन्हा उठे. काटा ठरल्या आकड्यावर थांबला. थेंबही गळला नाही. दाब उतरवून दार उघडल्यावर मामाने काठावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि कुठे फट पडली का ते खालून कागदाचा कपटा सरकवून पाहिलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

"शिरत नाही! कागद शिरत नाही!" तो असा ओरडला की शेजारचा चहावाला पातेलं तसंच टाकून धावत आला. कारखानदाराने हसत जांगिरी मिठाईचा डबा मागवला. मामाने आधी झाकण मागून घेतलं.

मामाला जाऊन महिना झाला. तेराव्याला नातलगांनी मिठाई आणली. सगळे पांगल्यावर मामी डब्यांच्या रांगेपुढे उभी होती.

"सगळी झाकणं धड आहेत ग," ती म्हणाली आणि माझ्या हातात कात्री दिली.

मी मोठी खिडकी कापली, कोपरे गोलसर ठेवले. मामीने उरलेल्या काठावर अंगठा दाबून पाहिला.

"धरतंय," ती म्हणाली.