दुसरी खेप

आमच्यात बाईने होडीत पाय ठेवायचा नसतो. होडी खाडीत शिरली की पुढचं सगळं आमचं. मासळी उतरवायची, निवडायची, पाटीत भरून डहाणूच्या बाजारात न्यायची, उरेल ती वाळवायची. समुद्रावर मात्र पुरुष जाणार. धाकटी डहाणू या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून मी समुद्र रोज बघते, आणि सत्तरी उलटली तरी गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. म्हणून पुतण्याने फोनवर विचारलं, "मोठी आई, क्रूझवर येतेस का? तू आणि आई, दोघी," तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या दोघींचेही नवरे गेले. नाही म्हणायला कोणी उरलं नव्हतं.

पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. तो एका मोठ्या जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिथे काम करणाऱ्यांना घरची दोन माणसं नेता येतात. जहाज मुंबईहून सुटतं, लक्षद्वीपच्या एका बेटापाशी एक दिवस थांबतं आणि परत येतं. बेटाजवळ पाणी उथळ आहे, त्यामुळे जहाज लांब उभं राहतं आणि लोकांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. एक खेप सकाळी लवकर, दुसरी उन्हं वर आल्यावर. कोणत्या खेपेला जायचं ते आधी कळवावं लागतं.

जहाजावरचं जेवण, नाचगाणी, पोहायचा हौद, यातलं मला काही नको होतं. मला तो बेटावरचा दिवस हवा होता. पुतण्या म्हणाला होता की तिथे कासवं किनाऱ्याजवळच चरतात, माणूस कमरेभर पाण्यात उभा राहिला तरी पळत नाहीत. मी कासवं पुष्कळ पाहिली आहेत, पण सगळी जाळ्यात सापडलेली. कोणाचा पाय कापलेला, कोणाच्या मानेत दोरी रुतलेली. आमचे लोक जाळं कापून कासव सोडवतात, बाया त्याला हळदकुंकू लावतात, जखमी असलं तर डहाणूला उपचाराला देतात. धडधाकट कासव आपल्या मनाने पोहताना कसं दिसतं ते मला माहीत नव्हतं. मरायच्या आधी एकदा बघायचं होतं. हे मी फक्त जावेला सांगितलं होतं. माझ्या मुलीला सांगितलं असतं तर ती हसली असती.

तो हिवाळाभर आम्ही दोघी त्या एका दिवसाचंच ठरवत होतो. बांबूच्या दांड्यांवर बोंबील टांगताना हात चालायचे आणि तोंडही. काय नेसायचं, कासवं आधी की पक्षी आधी, शंखात राहणारे खेकडे कुठल्या बाजूला सापडतील.

"मी पाण्यात उतरणार नाही गो," जाऊ म्हणायची. "मी काठावर बसेन."

"काठावर बसायचं तर इथेच बस. इथे काय काठ कमी आहे?"

"आणि मला काही चावलं तर?"

"तुला चावून त्याला काय मिळणार?"

खेप कोणती घ्यायची ते मी ठरवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, बेटावरचा दिवस अष्टमीचा निघाला. आमच्याकडे अष्टमीला ओहोटी दुपारच्या सुमाराला असते. उधाणाइतकं पाणी लांब जात नाही, पण खडक उघडे पडतात. म्हणजे सकाळच्या खेपेने गेलो तर नुसतं भरलेलं पाणी बघत बसावं लागेल, आणि दुसऱ्या खेपेने गेलो तर पोचेपर्यंत पाणी ओसरायला लागेल. खडकांवरून चालत जायचं, डबक्यांत रंगीत मासे बघायचे, आणि पाणी कमी म्हणजे कासव स्पष्ट दिसणार. मी जावेला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं, बाय." पुतण्याला तिनेच कळवलं, दोघींना दुसरी खेप.

आणि आमचं ठरलं होतं की एकटी कोणी उतरणार नाही. एकीला बरं नसलं तर दुसरीही थांबणार. हे तिनेच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, कारण भीती तिला वाटत होती.

जहाजावर तिची भीती एका दिवसात गेली. आमच्या शेजारच्या खोलीत वलसाडकडच्या तीन बाया होत्या. जावेचं माहेर उंबरगावकडचं, गुजराती तिची लहानपणची भाषा. मला बाजारापुरती येते. त्या चौघी डेकवर बसून हसायच्या, मी ऐकायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं लक्ष अष्टमीकडे होतं.

त्या दिवशी मी उठले तर जावेची गादी रिकामी. वाटलं, चहाला गेली असेल. मी आंघोळ केली, साडी घट्ट नेसले, पिशवीत टॉवेल आणि मळमळलं तर म्हणून लिंबाची फोड टाकली आणि दुसऱ्या खेपेच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिच्यासाठी पुढची जागा धरून ठेवली. मागची माणसं कुरकुरली तर त्यांना म्हटलं, माणूस येतंय.

माणूस आलं नाही. एक साहेब आला आणि त्याने सांगितलं की वारा वाढलाय, बोट जहाजाला नीट लागत नाही, दुसरी खेप रद्द. गेलेल्यांना तेवढं परत आणणार. रांग मोडली. मी तिथेच उभी राहिले. समोर बेट होतं. माड दिसत होते, पांढरी वाळू दिसत होती, वर पक्ष्यांचा थवा फिरत होता. आमच्या पारनाक्याच्या किनाऱ्यावरून लांबची होडी दिसते तेवढ्या अंतरावर.

मी स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन पुतण्याला बाहेर बोलावलं. "तुझी आई कुठे आहे?"

तो गोंधळला. "ती पहिल्या खेपेला गेली ना. तुझा गुडघा धरलाय, तू येत नाहीस म्हणाली. काल रात्रीच तिने नाव बदलून घेतलं."

"माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"मग तू दुसऱ्या खेपेला का थांबलीस, मोठी आई? मी आईला दिवाळीतच सांगितलं होतं, तिथे आपल्यासारखी भरती-ओहोटी नसते. पाणी जेमतेम हातभर वरखाली होतं. आणि उशिरा वारा सुटतो, दुसऱ्या खेपेचा भरवसा नाही. पहिल्यालाच या म्हटलं होतं."

दिवाळीत. म्हणजे आम्ही त्या वर्षीचे बोंबील टांगत होतो त्याच्याही आधी. माझं सगळं गणित चुकीचं आहे हे माहीत असून ती रोज माझ्या शेजारी उभी राहून मान डोलावत होती.

ती परत आली तेव्हा मी खोलीत बसले होते. तिची साडी ओली होती. काठावर बसलेल्या बाईसारखी नव्हे, पार कमरेपर्यंत.

"तुला दिवाळीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

तिने खोटं बोलायचा विचार केला, ते मला दिसलं. मग खाली बसली. "होतं."

"मग?"

"तुला सांगून तू ऐकलं असतंस? आयुष्यभर तिथी तू सांगतेस, भरती तू सांगतेस, मासळी कधी टांगायची ते तू सांगतेस. मी काही म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, तुला काय कळतं."

"म्हणालेच असते. शिव्याही घातल्या असत्या. मग त्याला फोन करून विचारलं असतं आणि पहिल्या खेपेला गेले असते."

ती साडीचा काठ पिळायला लागली.

"सकाळी मला हलवायला काय झालं होतं?"

"त्या बायांनी दार वाजवलं. तू घोरत होतीस."

"आणि गुडघा?"

"काहीतरी सांगायला नको? तू उठली असतीस तर परत दुसऱ्या खेपेवरच अडून बसली असतीस. मलाही बसवलं असतंस." मग ती म्हणाली, "बाय, कासव माझ्या एवढं जवळ आलं की..."

"सांगू नकोस," मी म्हटलं. "मला ऐकायचं नाही."

परतीच्या वाटेवर ती त्या बायांच्या खोलीत झोपली.

घरी आल्यावर आळीतल्या बाया जमल्या. सगळ्यांना ऐकायचं होतं. जाऊ सांगत सुटली. पाणी कसं काचेसारखं, कासव कसं हात पसरून तरंगतं, पक्षी कसे डोक्यावरून जातात. आणि प्रत्येक वाक्यात आम्ही. आम्ही उतरलो, आम्ही बघितलं, बायला, म्हणजे मला, तर कासव हात लावण्याइतकं जवळ आलं. माझ्याकडे बघत होती. मी नुसतं हसले असते तर गावभर तेच झालं असतं. मी कासव बघितलं असं लोक मी मेल्यावरही म्हणाले असते.

"मी जहाजावर होते," मी म्हटलं. "उतरली ती एकटी. मला न सांगता."

एकीने चहा आणते म्हणून काढता पाय घेतला.

संध्याकाळी जाऊ माझ्या दारात आली. "तुझ्यासाठीच म्हणत होते. चार लोकांत तुला कमीपणा नको."

"कमीपणा मला कसला? मी रांगेत तुझी जागा धरून उभी होते."

ती दारातूनच परत फिरली.

आता बाजारात आम्ही पूर्वीसारख्याच शेजारी बसतो. तिच्याकडे सुट्टे नसले तर मी देते, मला उठायचं असलं तर माझ्या पाटीवर ती लक्ष ठेवते. बोलणंही आहे. चैत्रात तिने दरवर्षीसारखं विचारलं, डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या जत्रेला कधी निघायचं? मी म्हटलं, तू तुझी जा. ती सकाळी गेली. मी दुपारी रिक्षाने गेले, दर्शन घेतलं, आणि एकटीच परत आले.