डाव्या स्क्रीनवरची लेक

साहेबांना जादा स्क्रीन हवा होता, म्हणून मी आमच्या टायपिस्ट मावशींच्या टेबलावरचा डावा स्क्रीन उचलून त्यांना दिला. वर मावशींना "दोन दिवसांत परत आणतो" असंही सांगून टाकलं. बोलायला काय जातंय!

त्या स्क्रीनवर मावशी दिवसभर एकच फोटो उघडा ठेवायच्या, तापात गेलेल्या त्यांच्या लेकीचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच हाक आली, "अरे शहाण्या, माझी पोर कुठे घालवलीस?"

फोटो उघडत होता, खालच्या पट्टीवर त्याचं चिन्हही दिसत होतं. पण कॉम्प्युटर तो जुन्या जागी, म्हणजे आता नसलेल्या स्क्रीनवर उघडत होता. मी म्हटलं, "मावशी, ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा. आता एम. आता उजवा बाण दाबून धरा."

डाव्या कडेतून आधी दप्तर आलं, मग वेणी, मग हसरा चेहरा.

"शाळेतून अशीच यायची रे," मावशी म्हणाल्या. "आधी दप्तर आत."

मी आपली अक्कल शिकवली. "आता मधोमध ठेवूनच बंद करा, म्हणजे उद्या तिथेच उघडेल."

"नको. रोज येऊ दे."

तेव्हापासून घरी जाताना त्या डावा बाण दाबून तिला बाहेर पाठवतात आणि सकाळी आल्या आल्या उजवा बाण दाबून आत घेतात. स्क्रीन अजून साहेबांकडेच आहे. मावशी मागत नाहीत आणि मी त्यांच्या टेबलाजवळून मान खाली घालून जातो.