पाणगवतासाठी लावलेला दिवा

मला दर्या लागायचा. मच्छीमाराच्या घरातल्या थोरल्या मुलाने असं सांगायचं म्हणजे सुताराच्या पोराने करवतीला भिण्यासारखं. बाबांनी मला होडीवर नेऊन पाहिलं, एकदा नाही, बऱ्याचदा. दर खेपेला किनारा मागे पडला की मी होडीच्या तळाशी आडवा, आणि पोटात होतं-नव्हतं ते सगळं बाहेर. खलाशी हसायचे, बाबा हसायचे नाहीत. शेवटी एके दिवशी त्यांनी मला वाळूवर उतरवलं आणि धाकट्याला हाक मारली.

धाकटा तेव्हा शाळेत होता. गणितात माझ्या दसपट हुशार. त्याने दप्तर खुंटीला अडकवलं आणि बाबांच्या मागे गेला. ते दप्तर परत खाली आलं नाही. मी मात्र मॅट्रिक झालो आणि डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका विजेच्या दुकानात वायरमन म्हणून लागलो. तो थंडीत जाळी ओढायचा आणि मी पंख्याखाली बसून होल्डर जोडायचो. त्याने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळा झालो असतो. माझा स्वभाव तसाच, तापट. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

काचेची पेटी घरी आली ती एका इराणी बागायतदाराच्या बंगल्यातून. चिकूच्या वाडीत त्यांचा बंगला होता, तिथे वायरिंगचं काम निघालं. दिवाणखान्यात माशांची भली मोठी पेटी, वर झाकणात बल्ब, आत हिरवंगार गवत. काम सोडून मी तिथेच उभा. घरातली म्हातारी बाई माझ्याकडे बघून हसली. तिच्याकडे एक लहान पेटी पडून होती, एका कोपऱ्यात तडा गेलेली. ती तिने मला देऊन टाकली आणि वर बजावलं, "दीकरा, पयला घास लाव, मग मासा सोड. आणि घासला उजेड पायजे. उजेड नाय तर घास मरेल, घास मेला तर मासा मरेल."

घरी आईने कपाळावर हात मारला. "मासे पाळणार? अरे मेल्या, लोक तोंडात पदर घालून हसतील! सकाळी मी टोपलीभर मासे विकायला बसणार आणि माझा लेक घरात बसून माशांना भरवणार?" धाकटा तेवढा हसला नाही. त्याने पेटीची तडकलेली कड बोटाने चाचपून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी होडीच्या फटी बुजवायचं डांबर आणून ती नीट बुजवून दिली.

पेटी ठेवायला जागा एकच होती, पश्चिमेच्या खिडकीतला दगडी कट्टा. खिडकीसमोर वाळू आणि वाळूपुढे दर्या. गवत कैनाडच्या तळ्यातून आणलं, केसांसारखं बारीक, मऊ. मासे विहिरीतले गप्पी. पण खिडकीतून दुपारनंतर असं कडक ऊन यायचं की आठवड्याभरात पाणी वाटाण्याच्या उसळीच्या रश्शासारखं झालं. मग खिडकीला दिवसा गोणपाट लावलं आणि तुपाच्या डब्याचं झाकण करून आत बल्ब बसवला. बल्बने पाणी तापलं. सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. आई म्हणाली, "तेल-मीठही टाक, कालवण होईल." मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

याच सुमारास तलासरीला एका भातगिरणीत मोटर बसवायला गेलो. काम आटपल्यावर सायकल काढून उधव्याच्या बाजूला गेलो आणि तिथल्या ओढ्यात मला ते गवत दिसलं. रिबिनीसारखी लांब पानं, वाहत्या पाण्यात सगळी एका दिशेला झुकलेली. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि मुळांसकट उपटून डब्यात घालून आणलं. पेटीत लावलं तर काय देखणं दिसायचं म्हणून सांगू! पण उघड्या ओढ्यात वाढलेलं ते, त्याला बल्बचा उजेड कुठे पुरणार? पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली. इराणी बाईला विचारलं. ती म्हणाली, "बल्ब काढ. ट्यूब लाव. ट्यूब थंडी असते."

दुकानातल्या भंगारातून मी चोक, पट्टी, सगळं जमवलं आणि घरी ट्यूब जोडली. ती डब्याच्या झाकणात मावेना, म्हणून उघडीच पेटीच्या वर, खिडकीच्या चौकटीला टांगली. पहिल्यांदा पेटली तेव्हा घर दुधासारखं पांढरं झालं. आमच्या सगळ्या रांगेत तोवर कंदील आणि चिमण्या. एकदोन घरांत बल्ब आला होता, तोही पिवळाच. ट्यूब फक्त आमच्याकडे. दिवस मावळला की मी खिडकीचं गोणपाट काढायचो, ट्यूब लावायचो आणि झोप येईपर्यंत समोर बसायचो. उधव्याचं गवत पंधरवड्यात तरारलं. तळातून नवी पाती फुटली. मासे त्यांच्या आतबाहेर करायचे आणि मी बघत बसायचो. बाबा आणि धाकटा दर्यावर असायचे आणि मी घरात गवत वाढतंय का ते बघत असायचो. लाज वाटायची. तरी उठवायचं नाही.

आता इथे आमच्या लोकांची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंधारात किनाऱ्याला लागताना प्रत्येक होडीची स्वतःची निशाणी असते. अमक्या ताडाच्या रेषेत तमका उजेड आला की सुकाणू वळवायचं, म्हणजे खडक डाव्या हाताला राहतात आणि खाडीचं तोंड सरळ समोर येतं. आणि ही निशाणी बोलायची नसते. दुसऱ्या होडीला नाही, घरातही नाही. बोललं की निशाणी फिरते असं मानतात. माझ्या आईला लग्नाला इतकी वर्षं होऊनही बाबांची निशाणी कुठली ते ठाऊक नव्हतं. मला तर कुठून असणार? समुद्रावरून रात्री आपला किनारा कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. डोळे उघडे ठेवण्याइतका वेळ मी होडीत कधी बसलोच नाही.

उन्हाळा सुरू झाला आणि पेटीच्या काचेवर शेवाळ धरायला लागलं. आधी ठिपके, मग थर. पातीसुद्धा त्यात गुरफटली. रोज पुसायचो, रोज पुन्हा यायचं. पुन्हा इराणी बाईकडे गेलो. ती म्हणाली, "उजेड जास्त झाला. थोडे दिवस पूरा काळोख कर, वरून पोतं टाक. शेवाळ मरेल, घास वाचेल."

त्या दिवशी होडी पहाटेच गेली होती. संध्याकाळी दुकानातून आलो, पेटीभोवती पोती गुंडाळली, ट्यूबची वायर काढून ठेवली. चूल पेटवता पेटवता आईने वळून पाहिलं.

"आज दिवा नाही लावत?"

"नाही."

"लाव की रे. सवय झालीय."

"अगं, गवत सडतंय माझं! तुला काय कळतंय त्यातलं? तू तुझी चूल बघ!"

ती चुलीकडे वळली. मी जेवलो. खिडकीत बसण्यासारखं काही नव्हतं म्हणून लवकर अंथरुणावर पडलो.

डोळा लागतो न लागतो तोच खाडीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी आणि आई धावत सुटलो. होडी खडकांवर चढली होती. धाकटा बांबू घेऊन तिला रेटायला पाण्यात उतरला आणि लाटेने होडी फिरून त्याचा पाय होडी आणि खडकाच्या मधे सापडला. चौघांनी त्याला उचलून वाळूवर आणलं तेव्हा तो ओरडतसुद्धा नव्हता. गुडघ्याखाली पाय भलत्याच दिशेला वळलेला होता. बाबा ओलेचिंब, नुसते उभे. मी त्यांना हलवून विचारलं, "कसं झालं? रोजची वाट आहे ना तुमची?"

बाबा म्हणाले, "उजेड नव्हता."

"कुठला उजेड?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या घराकडे पाहिलं. एवढंच. तेवढ्यावरून मला सगळं समजलं. अख्ख्या पिवळ्या किनाऱ्यावर पांढरा उजेड एकच होता. हिवाळाभर ते त्यावर सुकाणू वळवत होते, आणि तो मी पोत्याखाली घातला होता.

बैलगाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटेत एकदा तो कण्हला, आणि मला असं वाटलं की गाडीतून उडी टाकून कुठेतरी पळून जावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हाड सांधेल, पण पाय पहिल्यासारखा होणार नाही, डुलत्या होडीवर उभं राहायचं त्याने आता विसरावं. दर्यावरच त्याचं सगळं होतं. शाळा माझ्यासाठी सोडली होती, आणि आता दर्याही माझ्यामुळे गेला. बाबांनी मला एक शब्द विचारला नाही. मी वाट बघत होतो. वाटत होतं, मारावं यांनी मला, चारचौघांत मारावं.

शेवटी मीच ठरवलं, धाकट्याला सांगून टाकायचं. बाकी कोणाला नाही तरी त्याला. संध्याकाळी त्याच्या खाटेपाशी गेलो. आई पायथ्याशी बसून त्याला पेज भरवत होती. त्याने मला पाहिलं आणि तोंडासमोरचा चमचा हाताने दूर केला.

"दादा, तुझं कसं आहे?"

मला कळेना. "माझं? माझं काय?"

"दिवा नव्हता ना काल. मी बाबांना म्हणालो, दादा आजारी पडला असणार. नाहीतर तो दिवा लावल्याशिवाय राहायचा नाही. तेवढ्यात आम्ही भरकटलो."

मी तोंड उघडलं. तोच पुढे बोलला, खालच्या आवाजात, निशाणीची गोष्ट मोठ्याने बोलायची नसते म्हणून.

"तू बोलला नाहीस, म्हणून मीही कधी बोललो नाही. पण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उघडी ट्यूब खिडकीत कोण टांगतं? माशांना काय करायचाय एवढा उजेड? आणि गवताला कोणी दिवा लावतं का! जाळ्यात येतं ते आपण फेकून देतो." तो हसला. दुखत होतं तरी हसला. "मासे म्हणजे निमित्त. दिवा आमच्यासाठी आहे असं घरात उघड म्हणता येत नाही म्हणून. मी होडीवरून बघायचो तेव्हा वाटायचं, दादाला दर्या लागतो खरा, पण आमच्यासाठी जागत बसलाय तिकडे."

खाटेची कड मी दोन्ही हातांनी धरली होती. खरं काय ते आता सांगायला हवं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या मोडक्या पायासकट त्याच्याकडे, दिवा त्याच्यासाठी होता, एवढा समजच शिल्लक राहिला होता. मी आईकडे पाहिलं. काल संध्याकाळी मी काय ओरडलो ते तिने आपल्या कानांनी ऐकलं होतं. तिने मान खाली घातली आणि चमच्याने पेज ढवळत राहिली.

"ताप होता," मी म्हणालो.

"वाटलंच मला," धाकटा म्हणाला. त्याने उशीवरून थोडं उठून हात लांब केला, माझ्या कपाळाला लावून पाहिला आणि म्हणाला, "उतरलाय आता."