शेपटाकडून वाढणारे मामा

रांगेला दोन टोकं असतात हे खरं, पण आमच्या मामांनी त्यातलं पुढचं टोक जन्मभर मानलंच नाही. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. बेटेगावला नारळ-चिकूची वाडी, देवावर गाढ विश्वास आणि घड्याळावर अजिबात नाही. चिकू उतरवायला उजाडताच आलेल्या गड्याला आणि जेवणाच्या तोंडावर उगवलेल्याला मामा घरी नेण्यासाठी सारखीच टोपली भरून देत. मामी चिडायच्या, "तो तर आता आला, अजून घामपण नाय आला त्याला!" मामा शांतपणे विचारत, "तुझ्या टोपलीतलं काडलं काय मी? देवाचा पाऊस कोण कदी उठला ते बघून पडतो काय?" यावर मामी भांडी आपटत.

पण मामांचं खरं तेज दिसायचं आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला. नव्या भाताच्या लोंब्यांवर चर्चमध्ये फादरांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग मामांच्या अंगणात नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर खायची, हा आमच्याकडचा रिवाज. खीर मामा स्वतः वाढत आणि सुरुवात करत ती रांगेच्या शेपटाकडून. "मागं रायला त्याला आदी. प्रभू येशूनं हेच शिकवलं." पहिल्या वर्षी लोक गहिवरले, दुसऱ्या वर्षी शहाणे झाले. पुढे कोणी उभंच राहीना. "तुमी व्हा पुढं", "छे छे, तुमी व्हा" असं करत रांग मागेमागे सरकायची. एकदा तर ती कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या वांग्यांत शिरली. मामा पातेलं घेऊन मागे आणि रांग त्यांच्याही मागे! एवढी नम्रता मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

असा हा उदार माणूस एकाच माणसापुरता दगड होता, तो म्हणजे स्वतःचा मुलगा. वाडी सोडून तो बोईसरच्या कारखान्यात लागला तेव्हा मामा भडकून म्हणाले, "परत या फाटकात पाय ठेवू नको." त्यानंही ठेवला नाही. मामी दर आगेऱ्याला एक वाटी खीर झाकून ठेवत आणि संध्याकाळी गुपचूप कोंबड्यांना घालत. मला ते बघवत नसे.

आणि मग एका आगेऱ्याला मामांनी डाव हातात घेतला आणि फाटक वाजलं. मुलगा आला होता, कारखान्याच्याच कपड्यांत. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. आणि शेपटासाठी इतकी वर्षं भांडणारी आमची ती सगळी रांग न सांगता एकेक पाऊल पुढे सरकली. मागे तो एकटाच उरला.

मामा पातेलं धरून नुसते उभे. शेवटी मामी दारातून म्हणाल्या, "तुमचाच नेम हाय." मामा चालत गेले. वाटी भरली, ओसंडली, तरी ते वाढतच राहिले. "गरम हाय. फुंकून खा," एवढंच बोलले. त्या दिवशी सगळ्यांनी डोळे पुसत खीर खाल्ली आणि मामींनी तर भांडीही हळू ठेवली.

आता मामांचे हात थरथरतात. वाढायचं काम मुलगा करतो, रजा टाकून, आणि तेही शेपटाकडूनच. मामांची खुर्ची रांगेच्या अगदी तोंडाशी असते, त्यामुळे त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी येते. त्यांना घाई नसते. रिकामी वाटी मांडीवर घेऊन, मुलगा आपल्यापर्यंत येईतो ते त्याच्याकडे बघत बसतात.