फांदीच्या जागी तुकाबाई

रिह्याच्या खोऱ्यावर आसाणमाथा आहे. त्याच्या दोन वाटा जिथं फुटतात, तिथल्या दगडावर दर रविवारी तुकाबाई बसलेली असते. हिंजवडीकडून फिरायला येणाऱ्या आयटीवाल्यांना वाटतं, म्हातारी ताक विकायला बसलीय. ताक ती देतेही. पण बसते ती भीतीपोटी.

माथा तो केवढा! घाटावरच्या थोराड डोंगरांपुढं नुसतं टेंगूळ. पण २००५च्या पावसात त्याची आडवी वाट मधोमध तुटून दरीत गेली. तेव्हापासून शेळ्या घेऊन वर जाताना तुकाबाई त्या वाटेवर फांदी आडवी टाकी. मागून येणाऱ्या धनगरानं ओळखायचं, ही वाट बंद.

पुढच्या श्रावणात नवी सून समीक्षा बरोबर होती. अर्ध्या चढावर एक शेळी व्याली. "करडू घिऊन सावकाश मागनं ये. फांदी दिसंल ती वाट सोड," एवढं सांगून सासू कळपापुढं निघाली आणि फाट्यावर उंबराची हिरवीगार फांदी टाकून गेली. उभा जन्म शेळ्यांमागं गेला, पण अक्कल नेमकी तेव्हाच शेण खायला गेली!

वर पोचल्यावर कळपामागं रेंगाळत आलेल्या काळ्या शेळीकडं तिचं लक्ष गेलं. तोंडात उंबराचा पाला.

तुकाबाई उतारावरून धडपडत पळत सुटली. धुक्यात दोन हातांवरचं दिसत नव्हतं. फाट्यावर फांदी नव्हती, समीक्षाही नव्हती. आडव्या वाटेच्या चिखलात तिच्या चपलांचे ताजे ठसे होते. हाक मारावी तर पोर दचकून पुढं पाऊल टाकील. न मारावी तर टाकीलच.

"समीक्षे, हाय तितंच खाली बस!"

धुक्यातून करडू ओरडलं.

"बसले, आत्याबाई. फांदी कुटं दिसलीच न्हाई."

तुकाबाई रांगत गेली आणि तिनं सुनेचं मनगट धरलं. समीक्षाच्या पायापुढं वाट नव्हती, नुसतं पांढरं धुकं होतं. दोघी तशाच रांगत मागं फिरल्या.

तुकाबाईचा नवरा म्हसू तिला अजून चिडवतो, "दगडं रचलीत की त्या वाटंवर. दर आयतवारी कशापायी बसतीयास?"

"दगडं ढासळत्यात. फांदी शेळ्या खात्यात," तुकाबाई म्हणते. "मला कोन खातंय?"